आपल्यापुरती साक्ष

कारभारीच्या शेडनेटमध्ये शिरायच्या आधी हात धुवायची रीत होती. आधी साबण, मग साधं पाणी, आणि शेवटी दुधाच्या पाण्याची बादली. बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून दहा आकडे मोजायचे. मिरचीच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये तंबाखूचा हात लागला की झाडाला रोग येतो, पानं हिरव्यापिवळ्या चट्ट्यांची होतात आणि कंपनीचा साहेब धडधाकट झाडंसुद्धा उपटायला लावतो, हे कारभारीनं पहिल्याच दिवशी बायांना सांगितलं होतं. दूधच का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. साहेबानं सांगितलं म्हणून दूध.

"घरी चहात घालायला दूध न्हाई, आन् इथं हात बुडवू राह्यलो," शालू रोज म्हणायची.

"मिरचीनं नशीब काढलं म्हन," झुंबरबाई रोज म्हणायची.

दोघी शेजारणी. शालूचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, झुंबरबाईचं सव्वीस. केदारखेड्याच्या अलीकडं कारभारीचं रान होतं आणि त्यात हे हिरव्या जाळीचं घर. संध्याकाळी कळ्या उकलून चिमट्यानं त्यातला नर काढायचा, सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलांची पावडर बोटानं लावायची, देठाला लाल दोरा बांधायचा. दिवसभर मान खाली. झुंबरबाईचा हात इतका हलका की कळीला कळायचं नाही तिचं काय गेलं, असं कारभारी म्हणायचा. ते बोलणं वाईट की चांगलं हे बायांनी कधी ठरवलं नाही, हसून घेतलं.

नेटमध्ये दहा बाया होत्या आणि दहाही ख्रिस्ती मंडळीतल्या. कारभारी तुळजापूरच्या देवीला मानणारा माणूस. पण गेल्या वर्षी त्याचा निम्मा प्लॉट रोगानं गेला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, ख्रिस्ताच्या मंडळीतले लोक दारू-तंबाखूला शिवत नाहीत. तो सरळ रामकिसनकडे आला. रामकिसन म्हणजे झुंबरबाईचा नवरा, मंडळीचा पंच.

"देव तुमचा येगळा आसंल," कारभारी म्हणाला होता, "पन बाया मला बिनतंबाखूच्या पायजेत. तुपला शबुद असंल तर हंगामभर काम."

रामकिसननं शब्द दिला होता. छातीवर हात ठेवून.

त्या शुक्रवारी, ऑक्टोबर संपत आला होता, सकाळी नऊच्या सुमाराला कारभारी नेटमध्ये आला. दाराशी थुंकला, खालच्या ओठातलं जिभेनं नीट बसवलं आणि आत शिरला. मालकाला हात धुवायची रीत नव्हती. तिसऱ्या ओळीत तो थांबला. एक पान उलटंसुलटं करून बघितलं, दुसरं बघितलं. मग चौथ्या ओळीत गेला, तिथलीही पानं चाचपली. झुंबरबाई सहाव्या ओळीत होती. तिनं मान वर केली नाही, पण बोट फुलावर तसंच राहिलं.

"सगळ्या बाहीर या," कारभारी म्हणाला. "रामकिसनला बोलवा."

रामकिसन बांधावरच होता. तीन वर्षांपासून तो पांढरा शर्ट घालायचा आणि गळ्याचं बटण लावायचा. पूर्वी बटणं त्याला लावता यायची नाहीत.

"रोग आलाय," कारभारी म्हणाला. "तुपल्या शबदावर बाया घेतल्या मी. आता खरं सांग, कोन खातंय?"

बाया एका रांगेत उभ्या होत्या. हातांना दुधाचा आंबूस वास. रामकिसननं एकेकीकडं पाहिलं. शालूकडं पाहिलं तेव्हा तिनं पदर दातात धरला. तिच्या पुढची झुंबरबाई. तिच्यावर नजर आली आणि थांबली.

"तंबाखू कोनी खात न्हाई," रामकिसन म्हणाला. "पन मी देवाचा मानूस हाये, मला खोटं बोलता येत न्हाई. मपल्या घरातली मिसरी लावती."

मागं कुठंतरी मोटार चालू होती तिचा आवाज येत राहिला.

"तुपलीच बायको?" कारभारीनं विचारलं.

"घरातली म्हनून झाकून ठिवायचं आसं न्हाई आपल्यात."

झुंबरबाईच्या कनवटीला कालच्या संध्याकाळचा चिमटा होता. तो कारभारीचा होता म्हणून तिनं पदरानं पुसला, डबीत ठेवला, डबी दगडावर ठेवली. मिसरी ती पहाटे घरी लावायची, आंघोळीच्या आधी. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, डाव्या हाताचं एक बोट. त्यानंतर दोनदा साबण आणि इथं येऊन तिसऱ्यांदा. हे सगळं सांगण्यासारखं होतं. पण सांगायला तोंड उघडलं तर दात दिसले असते, आणि मिसरीवाल्या बाईचे दात तिच्याआधी बोलतात.

ती निघाली. शालूनं दातातला पदर सोडला नाही. मिसरीची डबी दोघींच्यात एक होती. रोज सकाळी ती भिंतीवरून इकडची तिकडं जायची. रामकिसनला तेवढं माहीत नव्हतं, आणि झुंबरबाईनं त्याच्या माहितीत भर घातली नाही.

*

दुपारी रामकिसन जेवायला घरी आला. तिनं भाकर वाढली, ठेचा वाढला. त्यानं डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नासाठी आभार मानले, हातांसाठी मानले. कुणाचे हात ते म्हटलं नाही.

"तोंड पाडून काहून बसली?" तो म्हणाला. "मी काय खोटं बोललो का?"

"न्हाई."

"मंग?"

"मला एकलीला सांगायचं. उद्यापासून जाऊ नको म्हनले आसते, गेले नसते मी. पाय दुखतो म्हनले आसते."

"म्हंजी आजून एक खोटं." त्यानं घास घेतला. "पाप उजेडात आनल्याबिगर सुटत न्हाई. मपलं कसं सुटलं? चारचौघात उभं राहून सांगितलं तव्हा सुटलं."

झुंबरबाईला त्याचं सुटलेलं आठवत होतं, आणि सुटायच्या आधीचंही. अठरा वर्षं तो प्यायला. अठरा वर्षं ती लोकांना सांगत आली: ताप आलाय, पोटात कळ आलीय, पाव्हण्याकडं गेलाय. भाऊ भेटायला आला की ती हाताला तेल चोळत बसायची आणि म्हणायची विहिरीवर घसरले. मग पास्टर आदिनाथ आले. जालन्याहून मोटारसायकलवर यायचे. ओळीनं अकरा दिवस आले. रामकिसनला घाम सुटायचा, हात असे हलायचे की कप धरता यायचा नाही. पास्टर त्याचं डोकं मांडीवर घेऊन प्रार्थना करायचे आणि झुंबरबाई कप धरायची. बाराव्या दिवशी त्यानं स्वतः कप धरला. त्या दिवशी तिनं, आयुष्यात कुणाच्या पायी डोकं न ठेवणाऱ्या बाईनं, चुलीपुढं गुडघे टेकले. तो उपकार खरा होता. त्यात खोट काढायला तिची जीभ कधी वळली नाही.

मधे एकदाच पाऊल घसरलं होतं, गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला. वडीगोद्रीला हायवेवर भाच्यानं दुकान टाकलं, त्याच्या नारळ फोडण्याला दोघं गेले. दुपारनंतर रामकिसन सापडेना. सापडला तो टायरच्या दुकानामागं, शर्टाची बटणं उघडी. तिनं त्याला भाजीच्या टेंपोत घालून आणलं, गुरांच्या कोठ्यात निजवलं आणि मंडळीत निरोप धाडला: ह्यांना डेंगू झालाय.

मग मंडळी आली. पास्टर, त्यांची बायको रजनीताई आणि आठ माणसं. सगळ्यांनी रामकिसनच्या अंगावर हात ठेवले आणि डेंगूला नावानिशी धमकावलं. रजनीताईंनी पपईच्या पानांचा रस आणला होता. तो रामकिसननं घोटभर घोटभर प्यायला. दुसरं काय करणार होता. तिसऱ्या दिवशी तो उठला. चौथ्या रविवारी त्यानं साक्ष दिली की सलाईनशिवाय पेशी वाढल्या. लोक रडले. झुंबरबाई मान खाली घालून बसली होती, आणि तिलाही थोडं रडू आलं, कारण त्यानंतर तो दारूला खरंच शिवला नव्हता. पुढच्या नाताळात तो पंच झाला.

"भाकर वाढू का?" तिनं विचारलं.

"आर्धी."

तिनं अर्धी वाढली.

"उद्या मनुकांचा रस करून ठिव," तो हात धुताना म्हणाला. "परवा पहिला रविवार हाये."

*

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक घोट रस घ्यायचा. त्यासाठी काळ्या मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून रस करायचं काम तीन वर्षांपासून झुंबरबाईकडे होतं. तिनं तो केला. चव बघितली नाही.

चर्च म्हणजे पत्र्याचं शेड. पुढं टेबल, त्यावर पांढरं कापड, बाजूला माईक. पास्टर आदिनाथ मनानं वाईट माणूस नव्हते. त्यांनी उपासनेआधी तिला बाहेर लिंबाखाली गाठलं.

"ताई, पंचांनी स्वतः सांगितलं म्हटल्यावर मला काही करता येईना. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. तुम्ही सोडून दाखवा, मग प्रभुभोजनाच्या मेजावर या. मी प्रार्थना करतोय."

"रस बराबर झालाय का तेवढं बघा," झुंबरबाई म्हणाली.

ती दाराशी, चपलांजवळ बसली. रामकिसन माईकवर गेला.

"मी मपल्या बायकोलासुदीक सोडलं न्हाई," तो म्हणाला. "कारन देवापुढं बायको न्हाई, भाऊ न्हाई. तिच्यासाठी प्रार्थना करा."

लोक हालेलुया म्हणाले. बायांनी वळून तिच्याकडं पाहिलं, प्रेमानंच पाहिलं, आणि प्रेमानं पाहिलेलं जास्त लागतं. मग रामकिसननं ट्रे उचलला. छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांत तिनं गाळलेला रस. एकेक ओळ करत तो तिच्या ओळीशी आला. ट्रे तिच्या नाकासमोरून गेला, मनुकांचा गोड वास आला आणि पुढं गेला. त्याचा हात बिलकुल हलला नाही. तीन वर्षांपूर्वी ह्याच हातासाठी तिनं देवाजवळ पदर पसरला होता.

उपासना सुटल्यावर रजनीताई तिच्याजवळ आल्या. "मिठानं दात घासा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आईनं तसंच सोडलं होतं." दिवसभरात कामाचं बोललेल्या त्या एकट्याच.

*

झुंबरबाई कापूस वेचायला जाऊ लागली, हसनाबादच्या रस्त्याला, ओळख नसलेल्या लोकांच्या रानात. कंबरेला ओटी बांधायची आणि दिवस बुडेपर्यंत वाकायचं. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली. मिरचीच्या कळीला न दुखवणारी बोटं ती, आता पदराच्या सुतात अडकायची.

मिसरी तिनं त्याच रविवारी बंद केली. पहिल्या आठवड्यात डोकं असं ठणकायचं की कापूस पिवळा दिसायचा. हिरड्या सुजल्या. पोट साफ होईना. सव्वीस वर्षं पोटाला त्या एका बोटाची सवय. भाकर नको वाटायची, माणूस नको वाटायचं. बांधावर कुणी डबी उघडली की वास तिला दोन ओळी पलीकडून यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं, गाभण गाईसारखं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की रामकिसनला त्या अकरा दिवसांत काय झालं असेल. कळल्यावर राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही. इतकं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं दिसू नये, म्हणून उलट वाढला.

पहाटे ती चुलीपुढं मीठ घेऊन बसायची. प्रार्थना करायची तीही बोलल्यासारखी.

"देवा, मी हे ह्यांच्यासाठी सोडत न्हाई. मंडळीसाठी बी न्हाई. मला मिसरी किती गोड लागती ते तुला ठावं हाये. सकाळचं तेवढंच एक मपलं होतं. आता तू म्हनतो तर ते बी घे. पन घेतलं तर नीट घे, आर्धं ठिवू नको."

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती रानात पोचली, दोन ओळी वेचल्या, ऊन पाठीवर आलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून आठवण झाली नाही. ती ओटी धरून तशीच उभी राहिली. कुणी डोक्यावर हात ठेवला नव्हता, माईक नव्हता. कापसाचं रान आणि चार बगळे.

"काय गं बाई, साप दिसला का काय?" पलीकडची म्हणाली.

"न्हाई, न्हाई," झुंबरबाई म्हणाली आणि वेचू लागली.

नोव्हेंबर संपता संपता शालू आली. दारात उभी राहिली, आत येईना.

"मावशी, नेटातली पानं तशीच यायलीत. तू गेल्यावर बी. दोन ओळी उपटल्या."

"बरं."

"काल साहेब आल्ता. त्यानं कारभारीच्या खिशातली चुन्याची डबी पाह्यली. म्हनला, आदी तुमी दुधात हात घाला. सगळ्या बायांम्होरं. घातले बी त्यानं." शालूला हसू आलं, पण टिकलं नाही. "मी सोडली मावशी. त्या दिसापासून. तुपल्या डबीत हात घातला न्हाई."

"चांगलं झालं."

"मपलं नाव काहून न्हाई घेतलं त्वा?"

"इचारलं कुठं कुनी," झुंबरबाई म्हणाली. "ये आत. उन्हात उभी राहू नको."

*

शनिवारी दुपारी ती मनुका गाळत होती तेव्हा रामकिसन आला. खाटेवर बसला, गुडघे चोळले.

"कारभारी म्हनला, सोमवारपासून ये. तुपल्यासारखा हात कोनाचा न्हाई म्हनला."

"आन् रोग?"

"ते कळलं त्याचं त्याला." त्यानं विषय तेवढ्यावरच झटकला, चपलेची धूळ झटकावी तसा. "आन् पास्टरबी म्हनले, पाच रविवार झाले, उद्या साक्ष दिऊन मेजावर घेऊ. मीच म्हनलं, झालं आता, घ्या."

ती फडकं पिळत राहिली. काळा रस बोटांतून भांड्यात उतरत होता. आता तरी तो काही म्हणेल म्हणून ती थांबली. तिला फार नको होतं. चुकलं म्हणायला नको होतं. 'नेटाच्या दारात बोललो ते जरा जल्दीच बोललो' एवढं म्हटला असता तरी ती बाकीचं स्वतःच्या मनानं पुरं करून घेणार होती. अठरा वर्षं तेच केलं होतं.

रामकिसन खाकरला.

"साक्ष आपल्यापुरती दी. जुनं काही काढू नको."

"जुनं कोनतं?"

"आसंच. दुखन्याबिखन्याचं." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "मी पंच हाये. लोकांची श्रद्धा डळमळती. तू आपल्यापुरतं बोल."

झुंबरबाईनं फडकं शेवटचं पिळलं. चोथा बाजूला ठेवला.

"आपल्यापुरतंच बोलंन," ती म्हणाली.

*

डिसेंबरातला पहिला रविवार. शेडमध्ये नाताळाच्या चांदण्या टांगल्या होत्या, गेल्या वर्षीच्याच. झुंबरबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. ती ह्या वेळी चपलांपाशी बसली नाही, तिसऱ्या ओळीत शालूजवळ बसली. टेबलाशी रामकिसन ट्रे घेऊन तयार उभा होता, गळ्याचं बटण लावलेलं.

"बहीण झुंबरबाई," पास्टर म्हणाले, "या."

माईक तिला उंच होता. पास्टरांनी खाली करून दिला.

"मी मिसरी लावत होते," ती म्हणाली. आवाज पत्र्यावर आपटून परत आला तशी ती जरा मागं सरकली. "सव्वीस वर्षं. पाच रविवार झाले, सोडली. लई तरास झाला. देवानं सोडवलं, त्याच्याबिगर मपल्यानं झालं नसतं. हे खरं हाये."

हालेलुया झालं. रजनीताई डोळे पुसत होत्या. रामकिसननं मान हलवली, ट्रे जरा सावरून धरला आणि पहिलं पाऊल टाकलं.

"आजून एक हाये," झुंबरबाई म्हणाली. "मपलंच."

पाऊल थांबलं.

"पाप उजेडात आनल्याबिगर सुटत न्हाई म्हनत्यात. गेल्या सालच्या पोळ्याला तुमी सगळे आमच्या घरी आल्ते. डेंगूसाठी हात ठिवले. रजनीताईंनी पपईचा पाला वाटून आनला. मी तुमाला खोटं सांगितलं होतं. त्याची माफी मागते. तेवढं एक मपल्या मनावर होतं."

पास्टर आदिनाथ तिच्याकडं बघत राहिले. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं, किंवा उमगलं होतं आणि नको होतं.

"खोटं म्हणजे काय, ताई?"

"ताप नव्हता," झुंबरबाई म्हणाली.

आणि ती माईकपासून बाजूला झाली. तिसऱ्या ओळीत गेली, पदर डोक्यावरून घेतला, बसली. रामकिसनचं नाव तिनं घेतलं नव्हतं. तरी सगळी डोकी एकामागून एक टेबलाकडं वळत गेली. रजनीताईंचं सगळ्यात शेवटी वळलं.

रामकिसन टेबलापासून पाऊलभर पुढं तसाच उभा होता. पुढं यावं तर तिच्यापुढं ट्रे धरायचा, मागं जावं तर पास्टर. पेले वाजू लागले. आधी एक, मग बाजूचा, मग सगळे, बारीक, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखे. रस काठावरून पांढऱ्या शर्टावर सांडला. तिनं तो हात ओळखला. त्या अकरा दिवसांतला हात. असा हलायला लागला की खालून आधार द्यायचा असतो, मनगटाच्या जरा अलीकडं, नाहीतर सगळं सांडतं.

तिचा हात आपोआप उचलला गेला होता. शालूनं तो पाहिला.

झुंबरबाईनंही पाहिला, आणि परत मांडीवर ठेवला.